दसऱ्याच्या दिवशी भरलेली बाटली

सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या गावच्या सरपंच कुसाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती संजना मॅडम, समोर बसलेल्या माताभगिनी आणि पाठीमागे जेवणाच्या वासाकडे लक्ष लावून बसलेल्या माझ्या द्राक्षबागायतदार बंधूंनो,

मॅडम सरकारी पाणी तपासणीच्या नोकरीतून निवृत्त होताहेत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचा मान मला का मिळाला? उभ्या नाशिक जिल्ह्यात त्यांना माझ्याइतका ताप कोणी दिला नाही, म्हणून! टाळ्या नकोत, खरं आहे ते.

नदीकाठच्या आपल्या पिण्याच्या विहिरीवर 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लागली, तेव्हा मी नदी बचाव समिती काढली. अध्यक्ष अर्थातच मी. वरच्या अंगाच्या रंग कारखान्याचं पाणी नदीत येतं, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण सिद्ध कसं करणार? मग माझी अक्कल चालली. कारखाना सुट्टीच्या दिवशी गुपचूप पाणी सोडत असणार! मॅडमना गळ घातली, दसऱ्यालाच या. बिचाऱ्या घरचा सण सोडून बाटल्या घेऊन आल्या.

आता मला सांगा, दसऱ्याला आपण काय करतो? सकाळीच ट्रॅक्टर आणि फवारणीचे ब्लोअर नदीत घालून घासतो, मग झेंडूचा हार, नारळ. छाटणीनंतरच्या फवारणीचं औषध टाक्यांत उरलेलं होतंच. सगळ्या गावाचे ब्लोअर नदीत, आणि सगळ्यांत पुढे समितीच्या अध्यक्षांचा! तिकडे कारखान्यातही यंत्रांची पूजा. सगळं बंद.

अहवाल आला. कारखान्याचा रंग औषधालाही नाही, द्राक्षावरची औषधं मात्र भरपूर. मॅडमनी शांतपणे विचारलं, "गोटीरामभाऊ, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?" घरी बायको, सुवर्णा, म्हणाली, "आता आपल्याच दारावर मोर्चा काढा. घोषणा मी देते."

हसा, हसा. तेव्हा मात्र मला रडू येत होतं हो. आपल्या बायका लांबच्या मळ्यातून हंडे वाहत होत्या आणि कारखान्याचे साहेब तोच अहवाल मिरवत होते.

दुसरं कोणी असतं तर फाईल मिटवली असती. मॅडम म्हणाल्या, "आधी तुमची घाण थांबवा. मी परत येते." आपण नदीपासून दूर ब्लोअर धुवायचा ओटा बांधला. पहिल्याच दिवशी मी सवयीनं ट्रॅक्टर नदीकडे वळवला, तर या कुसाबाई आडव्या उभ्या! "लय मोठे अध्यक्ष असाल, तर घरी. आधी ट्रॅक्टर मागं घ्या!" घेतला बापड्यानं.

मग मॅडम एका साध्या मंगळवारी आल्या. कारखान्याला कळवलं नाही आणि मला तर मुळीच नाही. त्यात त्यांचं शहाणपण दिसतं. त्या दिवशी रंग सापडला आणि कारखान्याची नदीत पाणी सोडणारी मोरी बंद झाली.

विहीर उपसली, पुन्हा पुन्हा तपासली. परवा मॅडमनी तिचं पाणी पिण्यायोग्य असल्याच्या दाखल्यावर सही केली. नोकरीतली शेवटची सही.

मंडळी, मघाशी आल्या आल्या तुम्ही जे पाणी प्यालात, ते त्याच विहिरीचं. आधी सांगितलं असतं तर कोणी घोट घेतला नसता. समितीवर तुमचा किती विश्वास आहे, मला ठाऊक आहे. मॅडमना मात्र माहीत होतं. त्यांनी दुसरा ग्लास मागून घेतला.

मॅडम, गावाच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही वेडंवाकडं तोंडून गेलं असेल, तर सगळ्यांनी पोटात घालावं. आता पानं मांडली आहेत, बसून घ्या. वाढप्यांच्या तांब्यांतही तेच पाणी आहे.