टायर पाहा, जवाईबापू!

...अन् वरून मलेच म्हणतात, एवढा मोठा माणूस अन् कावळ्याले काऊन भेते! भेईन नाई तं काय करीन हो? तुम्हाले सांगतो, तो कावळा नाई, ते माहे सासरे आहेत!

हसू नका. मामाजी, म्हणजे सोनाळ्याचे मोतीरामजी, जिते होते तवा आमची गाडी अंगणात लागली की चहा-पाणी बाजूले! आधी चाकापाशी उकिडवे बसत, टायरवर अंगठा फिरवत अन् म्हणत, "टायर पाहा, जवाईबापू! पार गोटा झाले. माही पोरगी बसते हिच्यात." मी म्हणे, "हाव मामाजी, पावसाळ्याआधी टाकतो." कोणता पावसाळा, ते ना त्याइनं इचारलं, ना मी सांगतलं!

मंग मामाजी गेले. दशक्रियेले नदीवर पिंड ठेवला, कावळा झाडावर बसेल, पण खाली येईचना! गजेंद्र, माहा साळा, हात जोडून म्हणे, "बाबा, मायले सांभाळीन." नाई! "वावर इकणार नाई." नाई! ऊन तापलं, सारे उपाशी... अन् तो कावळा, देवाशपथ, एकसारखा माह्याकडे पाहे! शेवटी माही बायको प्राची कानात फुसफुसली, "अहो, टायर!" मी हात जोडले, "बदलतो मामाजी, चारही बदलतो!" झपकन आला, घास घेऊन गेला.

बदलले काय? उन्हाळ्यात म्हटलं, गोट्याले काय होते? पावसाळ्यात म्हटलं, यंदा पाणीच कुठी पडलं? हिवाळ्यात तं सडक कोरडी!

अन् मार्चात, राजूर घाटात, भर दुपारी गार पडली. अशी पडली, अशी पडली का सडक पांढरीफट्ट! लोक बर्फ पाहाले मनालीले जातात, मले घाटातच दिसला! ब्रेक दाबला तं गाडी आडवी चालली. स्टेअरिंग इकडे, गाडी तिकडे, समोर दरी, बाजूले प्राची डोळे मिटून... अन् धपकन बॉनेटवर कावळा! पंख भिजेल, काचातून माह्याकडे पाहून राह्यला. गाडीत कोणी बोललं नाई, पण मी आयकलं, साफ आयकलं... "टायर पाहा, जवाईबापू!"

गाडी कठड्याले टेकून थांबली. प्राची रडत रडत म्हणे, "माह्यासाठी आले हो बाबा." तवापासून झोपेत बी टपावर गारा वाजतात. लय भ्यायलो, खरं सांगतो.

दुसऱ्याच दिवशी चारही टायर नवे टाकले! छाती काढून वर्षश्राद्धाले सोनाळ्याले गेलो. पान ठेवलं. कावळा आला... घास सोडून गाडीच्या डिक्कीवर बसला अन् चोच मारे, टक टक, टक टक! मी म्हटलं, "मामाजी, टाकले ना हो चारही! आता काय राह्यलं?"

मागून प्राची हळूच म्हणते, "अहो... स्टेपनी?"

अन् माह्या तोंडून निघून गेलं हो, सवयच ना, "हाव मामाजी, पावसाळ्याआधी टाकतो!"

...तवापासून तो डिक्कीवरून उठलाच नाई.