गवताळ रानातली घुबडं

गावच्या पोस्टात रांग हलत नव्हती. ईनिडबाईंच्या पुढं फिलिपा आणि रोझलिंड, दोघीही लंडनहून येऊन गावकरी झालेल्या.

“जिंकलो बाई!” फिलिपा म्हणाली. “रानात ती आठ घरं आता होत नाहीत.”

“सभेत काय ठणकावलंस गं! ‘तिथं घुबडं शिकार करतात!’ सगळ्यांची मतंच फिरली.”

“मग! गावाचं रूप कुणीतरी राखायला नको?”

“ती तान्हं घेऊन आलेली पोरगी मात्र रडायला लागली.”

“तिला मिळेल की शहरात घर. घुबडांनी कुठं जायचं?”

“तेही खरंच.”

ती पोरगी ईनिडबाईंची नात. त्यांनी हातातलं पार्सल या काखेतून त्या काखेत घेतलं.

“फिलिपाबाई, तुम्ही ते जुनं कोठार विकत घेऊन त्याचं घर केलंत ना? तिथं दिसतात का हो घुबडं?”

“कुठली हो! बागेत एवढी महागाची घरट्याची पेटी टांगलीय त्यांच्यासाठी, पण एक फिरकेल तर शपथ.”

“आणि कोठारात?”

“छे! तिथं तुळईवर कसले तरी पांढरे पक्षी होते. रात्रभर किंचाळायचे मेले! सगळी भोकं बुजवून घेतली, तेव्हा कुठं आमचा डोळा लागला.”