माझ्या बहिणीचं नाव अंतकला

मंडळी, बसून घ्या. उन्हातले जरा इकडे चिंचेखाली या. कोंढ्याहून एसटीनं आलेली आमची माणसं, बपेऱ्याचे गावकरी, मायबहिणी आणि माझ्या बहिणीच्या सासरचे सगळे. मी अंतकलाचा धाकटा भाऊ. भंडाऱ्याला शाळेत शिकवतो. रोज पोरांपुढं बोलायची सवय आहे, पण आजचं बोलणं वेगळं आहे. जमेल तसं बोलतो, सांभाळून घ्या.

सरपंच मघाशी म्हणाले, "गुरुजी, दोन शब्द चांगले बोलून द्या." चांगले शब्द बोलून झाले. सोशिक होती. गरीब गाय होती. सासूला कधी उलटून बोलली नाही. हे सगळं ऐकलं मी. मुद्दाम कोणी खोटं बोललं नाही. पण तिच्या नावाबद्दल कोणीच बोललं नाही. ते मी बोलणार आहे.

आमच्या आईला आधी तीन मुली. चौथी ही. हिच्या बारशाला घरात गोडधोड झालं नाही. आत्याबाई पाळण्याजवळ बसली. नाव कानात सांगतात ना? ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "इचं नाव अंतकला. आता अंत होऊ दे पोट्ट्यांचा!" बाया हसल्या. आई हसली नाही. पण नाहीसुद्धा म्हणाली नाही.

बाहेरच्या माणसाला हे नाव गोड वाटतं. कलावती, चंद्रकला, तशी अंतकला. आपल्याकडच्यांना मात्र त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्यांची लेकरं जगत नाहीत ते लेकराचं नाव कचरा ठेवतात, लेकरू जगावं म्हणून. अंतकला नाव ठेवतात ते पुढची पोरगी येऊ नये म्हणून. कचऱ्यामागं माया तरी असते. या नावामागं काय आहे, मंडळी? पाळण्यातल्या पोरीला सांगायचं, तू आलीस ते आलीस, आता दार लावून घे.

आणि दार लागलं. तिच्यानंतर मी झालो.

गावात बोभाटा झाला. नाव लागू पडलं! आत्याबाईला मान आला. पण त्याहून जास्त मागणी माझ्या बहिणीला आली. मी तिला बाई म्हणायचो. बाई तेव्हा परकर नेसायच्या वयाची. कोणाकडे दुसरी-तिसरी मुलगी झाली की बोलावणं यायचं. "अंतकलाले पाठवा जी, तिनंच आमच्या पोट्टीच्या कानात नाव सांगावं." ती तेल लावून, वेणी घालून जायची. पाळण्यात वाकून नवजात पोरीच्या कानात आपलंच नाव सांगायची. तिला हातावर खोबरं मिळायचं. त्यातला अर्धा तुकडा ती माझ्यासाठी आणायची. तिला वाटायचं, आपलं नाव भारी आहे म्हणून बोलावतात.

शाळेत एक गुरुजी होते, परगावचे. त्यांनी तिला सांगितलं, कला म्हणजे चंद्राची कला, तुझं नाव म्हणजे चंद्राची शेवटची कोर. बाई पळत घरी आली. आजी अंगणात धान पाखडत होती. बाई म्हणाली, "आजी, माहं नाव चंद्राचं हाये!"

आजी सूप खाली ठेवून हसली. "चंद्राचं कायचं व! पोट्ट्या सराव्या म्हणून ठेवलं थे नाव. सरल्या, अन् हा आला." हा म्हणजे मी. मी तिथंच खेळत होतो. बाईनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलो नाही.

त्यानंतर ती कोणाच्या बारशाला आपण होऊन गेली नाही. पण तिला नेत. हाताला धरून नेत.

सत्तर सालानंतर आमच्या कोंढ्यात अंतकलांचं पीक आलं. वर्गात गुरुजींनी नाव पुकारलं की एका वेळी चार-पाच पोरी उभ्या राहायच्या. मग मोठी अंतकला, बारकी अंतकला, काळी अंतकला, तळ्याकाठी घर असलेली बोडीवरची अंतकला अशी ओळख. आणि जिच्या पाठीवर पुन्हा बहीणच झाली तिचं काय? तिला मार बसायचा. नाव घेऊन आली अन् कामाची निघाली नाही. हो, आपल्याच घरांत. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढं बसलेल्या काही जणांनीही पाहिलं आहे. माना खाली का घालता?

तिचं लग्न या गावात कसं झालं, तेही सांगतो. मावशी, तुम्ही तिच्या सासूबाई, समोर बसल्या आहात, मी काही लपून बोलत नाही. तुमच्या घरात तेव्हा थोरल्या सुनेला मुलीच होत होत्या. तुम्ही कोंढ्याला आलात. आमची पोरगी पाहिली नाही, तिचा रंग विचारला नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. म्हणालात, "नाव आयकूनच आली मी. असं नाव घरात पाहिजे." माझे वडील खूश झाले. नावावर पोरगी खपली.

मग तिला पहिली मुलगी झाली. घरच्यांनी दम धरला. दुसरी झाली. मावशी, तुम्ही म्हणालात, नाव खोटं निघालं. तिसरी झाली, तेव्हा तर तिला नावानं हाक मारणंच बंद झालं. भाऊजी, तुम्ही तिला काय म्हणत होता? "ए." धानाच्या रोवण्याच्या चिखलात, सगळ्या बायांपुढं, "ए." जे नाव पाहून आणली तेच घ्यायची लाज वाटू लागली.

तिसऱ्या मुलीच्या बारशाला मी होतो. मावशी पाळण्याकडे सरकल्या. त्या कोणतं नाव ठेवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही गरीब गाय उठली, पोरीला पाळण्यातून उचललं अन् म्हणाली, "इचं नाव उज्ज्वला. हे नाव माह्यासंगच सरू द्या." तिला तुमच्याशी उलटून बोलताना मी तेवढंच पाहिलं. त्या दिवशी तिला कोणी जेवायला वाढलं नाही.

एकदा ती माहेरी आली असताना बोडीवरची अंतकला आमच्या दारात येऊन उभी राहिली. दहावीला होती. नाव सांगितलं की पोरं हसायची, "तू थांबवणारी का?" म्हणायची. तिनं माझ्या बहिणीला भरल्या अंगणात विचारलं, "माह्या कानात तूच सांगितलं ना व थे नाव? काहून सांगितलं?"

बाई स्वतः लेकरू होती तेव्हा. पण तिनं तसं म्हटलं नाही. चप्पल घातली, त्या पोरीला बरोबर घेतलं आणि सरळ शाळेत गेली. मुख्याध्यापकांना म्हणाली, "इचं नाव बदलवून द्या. दहावीची परीक्षा व्हायच्या आधी." मग दर खेपेला माहेरी आली की ती कोंढ्यातल्या घरोघरी जायची. ज्या घरी तिला खोबरं मिळालं होतं त्याच घरी. बायांना म्हणायची, पोरीचं नाव बदलवा. कोणी ऐकलं, कोणी हाकलून दिलं. एकीनं अंगावर पाणी टाकलं. ती पुन्हा गेली.

ती बोडीवरची पोरगी आज आली आहे. कोंढ्याच्या बायांत बसली आहे. अनिता तिचं नाव. आता टीव्ही आला, पेपर आला, संगीता-वैशालीचे दिवस आले. कोंढ्याच्या पहिलीच्या वर्गात आज एकही अंतकला नाही. लोक म्हणतात, जमाना बदलला. जमाना कोणाच्या दारात अंगावर पाणी घेऊन उभा राहिला नव्हता. माझी बहीण उभी राहिली होती.

तिसऱ्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता मूल नको, ही जगणार नाही. भाऊजी, तुमच्यादेखत सांगितलं. मी तुमचे हात धरले होते. तुम्ही म्हणालात, "आईले इचारून सांगतो."

चौथ्या खेपेला पोरगा झाला. तुमसरच्या दवाखान्यात मी पोहोचलो तेव्हा बाहेर पेढे वाटणं चाललं होतं, आणि आत तिचं रक्त थांबत नव्हतं. मला पाहून तिनं जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता. म्हणाली, "बाबू, तुले सारे जनमभर सांगत राहिले, तू माह्या नावानं आला म्हणून. तुयावर ओझं झालं असन. याले असं कोणी सांगू नोको देजो." मरताना तिला माझी कीव आली, मंडळी. माझी!

आणि काल याच अंगणात, तिची राख गार व्हायच्या आत, मी काय ऐकलं? "शेवटी नाव खरं झालं बापा. पोट्ट्यांचा अंत झाला." बोलणारीचं नाव मी घेत नाही. तिचे डोळे कोरडे होते. आणि ऐकणारी एक बाई म्हणाली, आमच्या सुनेला दुसरी मुलगी झाली आहे, हेच नाव ठेवतो.

ठेवा. हौसेनं ठेवा. फक्त त्या पोरीला सांगा, ज्या बाईवरून तुझं नाव ठेवलं ती कशी मेली. सांगता येईल?

आज सकाळी मला निरोप मिळाला. पोरगा इथं राहील, तिन्ही पोरी मामानं न्याव्या. मी हात जोडणार नाही, भांडणार नाही. नेतो. माझी बायको भंडाऱ्याला वाट पाहत आहे. तिन्ही पोरींचं सामान एका पिशवीत बसलं.

आता उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू. भाऊजी, तुम्हीही उभे राहा. डोक्यावरची टोपी काढा. ती शेवटची तुमच्यापुढं उभी होती तेव्हा तिला तुम्ही नावानं हाक मारली नाही. आता मनातल्या मनात एकदा मारा.

दोन मिनिटं झाली की कोणी माझ्याशी बोलायला येऊ नका. पोरींना घेऊन मी तसाच बसस्टँडवर जाणार आहे.

बाई, येतो.