भिंतीपलीकडचं नेट

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एका तरुणीचा नंबर एका थकलेल्या आजींच्या मागे होता. दुकानदार आजींचा फोन तपासत होता.

"आजी, बॅटरी चांगली आहे. हॉटस्पॉट दिवसभर चालू असतो, म्हणून दुपारीच मान टाकते. बंद करू?"

"नको. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहतो. त्याचा फोन त्यावरच चालतो."

"मग लागेल तेव्हा सांगतील की ते."

"चार वर्षं बोलणं नाही आमचं."

"आणि नेट तुमचं?"

"पासवर्ड भांडणाआधीचा आहे. मी बदलला नाही. इथे एक फोन जोडलेला दिसला, की कळतं, घरी आलाय."

"बरं, ते बाहेर गेले की आपोआप बंद होईल, असं करून देतो."

"नको रे बाबा. मग परत आल्यावर मागावं लागेल त्याला. तो मागायचा नाही."