दादाची साक्ष

दादा जाऊन वर्ष झालं, आता सांगायला हरकत नाही. तीस वर्षांच्या संसारानंतर तो आणि वहिनी घटस्फोटासाठी कोर्टात उभे होते. दादाच्या नावावरच्या, कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात वहिनीला हिस्सा हवा होता.

न्यायाधीशांनी वहिनीला विचारलं, "कारखान्यात तुम्ही काय काम करायचात?"

वकिलानं पढवलेलं विसरून वहिनी म्हणाली, "काय न्हाय, घरीच." मालकाची बायको लूमवर उभी राहते, हे सांगायची आमच्याकडे लाज.

दादाच उसळला. "घरी कशाला? ईदला कारीगर गावी गेले की सगळे लूम हीच चालवायची, साहेब! हिच्यामुळं कारखाना टिकला."

त्याच्या वकिलानं कपाळावर हात मारला. निम्म्या हिश्श्यावर तडजोड झाली.

बाहेर वहिनी दादाला एवढंच म्हणाली, "हे एकदा घरी बोलला असतात, तर कोर्टात कशाला आले असते?"