वाळूत रुतणारी बोट

बस पुलावर चढली तशी ड्यूटीवरून परतणाऱ्या नर्सनं डोळे मिटले. पण पुढच्याच बाकावर लग्नं जुळवणाऱ्या मावशी आणि नदीवरल्या मोठ्या बोटीचा म्हातारा कप्तान यांची अशी जुंपली, की डोळा कसला लागतोय!

“बघा खाली, तुमची महाराणी चिखलात लोळतेय. वर कावळ्यांचं संमेलन.”

“या पुलानं खाल्लं तिला.”

“आणि माझा धंदाही! बोटीत मुलगा-मुलगी समोरासमोर बसवली, की पलीकडचा काठ येईस्तोवर लग्न ठरायचं. आता मुलानं घाम पुसेपर्यंत स्टॉप येतो.”

“तुमच्या त्या मुखदुर्बळ पोरांना बोटीतही वेळ पुरायचा नाही.”

“म्हणून तर तुमच्यासारखा आंधळा कप्तान लाभला. मी बोटीत चढले, की बोट वाळूत रुतलीच!”

“आंधळा? ऐन पुरात नेलीय बोट, कुठं खरचटली नाही.”

“मग मी असतानाच बरी रुतायची?”

“आता काय सांगायचं!”

“अगबाई! पोरांची लग्नं जुळावीत म्हणून मुद्दाम?”

“पोरं गेली खड्ड्यात! दुसऱ्यांची लग्नं लावत फिरलात, स्वतःचं कधी मनावर घेतलंत? आणि मी एकटा तो एकटाच.”

“ट्रक आडवा झालाय,” कंडक्टर ओरडला, “तासभर तरी बस हलणार नाही.”

“या वेळी मी काही केलेलं नाही हं, मावशी.”

“मावशी काय म्हणताय! सरळ बसा. वय सांगा, खरं. दात स्वतःचे आहेत?”

“हसताना दिसतात तेवढे आहेत.”