चिठ्ठीवरची खिडकी

...आन् त्या धंतोलीच्या डॉक्टरानं काय सांगावं? हवापालट! चिखलदऱ्याले जा म्हणे, दोन महिने राहा म्हणे, थंडी हवा छातीत भरून घ्या म्हणे, अंडी खा, दूध प्या, फळफळावळ खा, आन् मुख्य म्हणजे चिंता करू नका... तुम्हाले सांगतो, माणूस कोष्टी, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसते, दिवसभर हात-पाय चालले तं सांजले चूल पेटते, आन् त्याले हा सांगून राहिला चिंता करू नका! चिंता काय त्यानं हौसेनं पाळली होती का?

हा माणूस म्हणजे आमचा नत्थूजी. नागपुरात इतवारीच्या मांगं आमची कोष्ट्यांची गल्ली, तिच्यात त्याचं घर आन् माहं घर, मधात एकच भित. तो तिकडे खोकलला का इकडे माह्या पेल्यातला चहा हाले. आधी सगळे म्हणत, बिडी आहे, बिडी. त्यानं बिडी सोडली. मंग म्हणे, सुताचा भुरका आहे, तुसाची धूळ छातीत जाते, सगळ्याच कोष्ट्यांले होते, काही नाही. मंग एक दिवस थुंकीत लाल दिसलं, आन् त्याची बायको, आमची मैनावयनी, तिनं त्याच्या हातातला मागाचा धोटा काढून घेतला आन् म्हणाली, "उठा." बस, एवढंच. बाई जास्त बोलत नाही, पण एकदा धरलं का सोडत बी नाही.

तं चिखलदरा राहिला चिखलदऱ्यात. धंतोलीच्या डॉक्टराची पायरी उतरली तशी तिनं त्याले थेट सरकारी दवाखान्यात नेलं. मलेही ओढलं, काहून का आमच्या बाजूच्या चार घरांत चौथी पास मीच. ही गोष्ट बाहत्तर सालची. तिथं एक नवीन डॉक्टरीण होती, चारुलताबाई, पुण्याकडची, बोलणं असं स्वच्छ धुतलेलं. तिनं छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आन् सांगितलं, टीबी आहे, पण घाबरू नका, बरा होतो, दीड वर्ष औषध, एक दिवसही चुकवायचं नाही. चुकवायचं नाही म्हणे! आमच्या गल्लीत टीबीचं नाव निघालं का लोक तिरडीचे बांबू कुठं स्वस्त भेटतात ते पाहत, आन् ही म्हणते बरा होतो. मैनावयनीनं पदरानं तोंड पुसलं आन् म्हणाली, नाही चुकवत.

मंग डॉक्टरीणबाई विचारते, काम कुठं करता? खोलीत. झोपता कुठं? त्याच खोलीत. घरात किती जण? दोन आम्ही, तीन पोरं. खोलीला खिडक्या किती? तं हा नत्थूजी, छाती फुगवून, जसं काही मोठी कमाई सांगून राहिला, म्हणते, "एक बी नाही!"

आता तुम्ही म्हणान, घर बांधतानी झोपले होते का? नाही जी. सुकी हवा लागली का सूत कडक होते, कडक झालं का तुटते. म्हणून आमच्या बापानं, आज्यानं, पणज्यानं मागाच्या खोलीले खिडकी ठेवलीच नाही. उन्हाळ्यात तं आम्ही भुईवर पाणी शिंपतो, दार लोटून घेतो, अंधारात बसतो... सूत कसं गार, ओलसर, मजेत. आन् आपण त्याच ओलीत, त्याच भुरक्यात, पिढ्यानपिढ्या. सुताची तब्येत आम्ही जपली, तुम्हाले सांगतो, पोटच्या पोरापेक्षा जास्त.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. लय चिडली. म्हणाली, "मी इथून गोळ्या देणार आणि तुम्ही त्या कोंदट खोलीत जाऊन बसणार, मग पुढच्या वर्षी या मावशी तिन्ही पोरांना घेऊन येणार. त्यापेक्षा मी औषध पूर्णच लिहिते." आन् तिनं लिहिलं. वर इंग्रजीत सुई, इंग्रजीत गोळ्या, आन् खाली ठळक मराठीत: खिडकी, एक. दिवसभर उघडी. अठरा महिने.

मैनावयनीनं मले विचारलं, काय लिवलं? मी वाचून दाखवलं. तिनं चिठ्ठी घेतली आन् गेली औषधाच्या रांगेत. कंपाउंडरनं सुई दिली, गोळ्या दिल्या, पुढचा म्हणून ओरडला. ही तिथंच उभी. म्हणते, एक औषध राहिलं. कंपाउंडरनं चिठ्ठी पाहिली, उलटी केली, सुलटी केली, माह्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तो म्हणते, बाई, ही खिडकी आहे. ही म्हणते, "चिठ्ठीत लिवून आहे." तो म्हणते, आमच्याकडे स्टॉकमधी नाही. तं म्हणते, कधी येईल? मांगची रांग हसून राहिली, कोणी म्हणे दार बी माग वं, कोणी म्हणे पंखा माग... शेवटी कंपाउंडर कावला आन् म्हणाला, वार्ड हापिसात जा, तिथं भेटते.

तिले समजत नव्हतं असं समजू नका. तिले सगळं समजत होतं. दवाखान्याच्या बाहेर आल्यावर मी म्हटलं, वयनी, लोक हसले ना. तं म्हणते, "हसू दे. गोळ्या फुकट देते सरकार, माणूस बरा व्हावा म्हणून. मंग जे औषध नसल्यानं तो पडला ते काहून नाही देत?" माही चौथीची अक्कल तिथंच संपली, मी वार्ड हापिसाची वाट धरली.

वार्ड हापिसात इमारतींच्या परवान्याच्या टेबलावर मनोहरराव नावाचे बाबू. डोक्यावर पंखा, समोर पानाचा डबा. चिठ्ठी पाहून म्हणाले, हे दवाखान्याचं आहे. ही म्हणते, हो, पण चिठ्ठीत लिवून आहे. मनोहररावांनी नकाशा काढला. तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिती, मांगची एक मोकळी, पण तिच्या मांगं सफाईची गल्ली, आन् सफाईच्या गल्लीत खिडकी उघडायची नाही, असा नियम. काहून? तं म्हणे त्या गल्लीत उघडं गटार आहे, घाण हवा घरात येते, लोकांच्या आरोग्यासाठी म्हणून नियम केला! ऐकलं का? आरोग्यासाठी! मैनावयनी म्हणाली, मंग गटारावर फरशी टाका. मनोहरराव म्हणाले, ते आमचं खातं नाही.

झालं... गटाराच्या खात्यात गेलो. ते म्हणाले, फरशी मंजूर होईल, पण आधी कोणाची खिडकी तिकडे आहे का? खिडकी नाही तं फरशी कायले? खिडकीवाले म्हणतात गटार आहे म्हणून खिडकी नाही, गटारवाले म्हणतात खिडकी नाही म्हणून फरशी नाही, आन् मधात आम्ही. वार्डाच्या मेंबरकडे गेलो, तं त्यानं चिठ्ठीले नमस्कार केला आन् म्हणाला, निवडणूक होऊ द्या. मैनावयनी परत डॉक्टरीणबाईकडे. तिनं चष्मा पुसला आन् चिठ्ठीत आणखी एक ओळ वाढवली: गटारावर फरशी, एकदाच.

पुन्हा मनोहरराव. पुन्हा नियम. मैनावयनी इकडे-तिकडे पाहून राहिली, बोटांवर मोजून राहिली. मनोहररावांनी विचारलं, काय मोजता बाई? तं म्हणते, "या खोलीत सात खिडक्या आहे. तुम्ही बाबू बी सात. एकाले तरी टीबी झाला का, बाबूजी?" मनोहररावांनी पान तोंडात टाकलं आन् म्हणाले, अर्ज देऊन जा, चौकशी होईल. मी अर्ज लिहिला, खोलीत हवा नाही, उजेड नाही, माणूस आजारी आहे, कृपा करून खिडकी द्यावी. आयुष्यात पहिल्यांदा एवढं लांब लिहिलं होतं मी.

आन् उत्तर आलं ना! चपराशानं येऊन दारावर चिकटवलं. सगळी गल्ली गोळा, मी मोठ्यानं वाचून राहिलो: आपल्याच अर्जावरून असे दिसून येते की सदर खोलीत हवा व उजेड यांची सोय नाही, सबब ती मनुष्यवस्तीस अयोग्य असून पंधरा दिवसांत खाली करावी. म्हणजे पाहा! आम्ही सांगितलं हवा नाही, ते म्हणाले बरोबर आहे, हवा नाही, तं निघा! माणसाले ताप आला तं ताप काढा का माणूस काढा?

नत्थूजी मागापाशी बसला. म्हणाला, जाऊ दे वं, मी उमरेडकडे खेड्यात भावाकडे जातो, तू पोरं घेऊन माहेरी जाय. आता उमरेडच्या त्या गावात रोजची सुई कोण देणार? सुई चुकली का दीड वर्षाचं औषध मातीत, हे त्यालेही ठाऊक होतं, तिलेही. तो रडत नव्हता, नुसता त्या मागाकडे पाहत होता. मैनावयनी मात्र माह्या घरात आली, कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, उचलली, विचारलं बी नाही, आन् भर दुपारी मांगच्या भितीसमोर उभी राहिली.

नत्थूजी मधात आडवा आला. म्हणते, सूत तुटेल वं!

म्हणजे पाहा, छातीत टीबी, दारावर नोटीस, आन् याले सुताची पडली. मैनावयनीनं सब्बल खाली ठेवली, त्याले हातानं बाजूले केलं आन् म्हणाली, "सूत तुटलं तं मी सांधून देईन. तुम्हाले कोण सांधून देईल?"

आन् हाणली सब्बल. मातीची भित, किती वेळ टिकते? दोन हात लांब, दीड हात उंच भोसकं पडलं आन् उजेड आत आला. त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं, सगळी खोली भुरक्यानं भरलेली, सुताचा बारीक भुरका असा तरंगून राहिला, आन् तिच्या धाकट्या पोराचं अंथरूण बरोबर त्याच्या खाली. मैनावयनी त्या अंथरुणाकडे पाहत राहिली. मंग बाया गोळा झाल्या, शेजारच्या वच्छलाबाईनं मोरीची जुनी फरशी दिली, कोणी न्हाणीचा दगड दिला, आन् सांजपर्यंत खिडकीसमोरचं गटार बायांनीच झाकलं. सूत? तुटलं ना, पहिल्या दिवशी अकरा वेळा तुटलं. अकराही वेळा तिनं सांधलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत ओलं गोणपाट टांगलं, मंग सूतही सुधरलं.

पंधराव्या दिवशी मनोहरराव हजर, सोबत चपराशी, रजिस्टर. मे महिना, नागपूरचं ऊन, माणूस घामानं निथळून राहिला. खिडकी पाहून म्हणाले, अनधिकृत! मैनावयनीनं चिठ्ठी पुढं केली. ते म्हणाले, बाई, ही चिठ्ठी आहे, परवाना नाही. ही म्हणते, "चिठ्ठीत लिवून आहे. आन् तुमच्या नोटिशीत लिवून आहे का हवा नाही म्हणून निघा. आता हवा आहे. नोटीस वापस घ्या."

मनोहररावांनी रजिस्टर उघडलं, बंद केलं, उघडलं. खिडकी ठेवली तं नियम मोडते, बुजवली तं खोली अयोग्य, आन् अयोग्य खोलीतून टीबीचा रोगी रस्त्यावर काढायचा तं तोच टीबी गावभर. माणूस वाईट नव्हता हो, नियमाचा होता. मैनावयनीनं विटा आणल्या आन् त्यांच्या पायाशी ठेवल्या. म्हणाली, बुजवायची तं तुम्ही तुमच्या हातानं बुजवा, पोट्टं निजून आहे तिथं, जरा हळू. मनोहरराव बसले. ओल्या गोणपाटातून गार झुळूक आली, त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले. मंग पेन काढला आन् तिथंच हुकूम लिहिला. मी वाचला. वैद्यकीय कारणास्तव सदर खिडकी तात्पुरती मंजूर. रोगी पूर्ण बरा होताच खिडकी बुजवून भिंत पूर्ववत करावी. दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी.

बरा होताच! आम्ही त्या दिवशी हसलो, म्हटलं बरा तं होऊ द्या. आन् झाला ना लेकाचा! एक सुई चुकवली नाही, एक गोळी चुकवली नाही, अठरा महिने पुरे झाले, थुंकी साफ, फोटो साफ, पोरं तिन्ही साफ. डॉक्टरीणबाईनं नव्या चिठ्ठीवर लिहिलं, पूर्ण बरा. मैनावयनी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली, मंग तिनं ती चिठ्ठी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली. दीड वर्ष जी बाई साऱ्या गावाले चिठ्ठी दाखवत हिंडली, ती ही एक चिठ्ठी कोणालेच दाखवत नाही.

काहून का तपासणी चालूच आहे. आज पाच वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी मनोहरराव येतात, खिडकीखाली बसतात, चहा घेतात, आन् रजिस्टर उघडून विचारतात, रोगी कसा आहे? आता नत्थूजीची छाती अशी झाली आहे का दोन माणसांचं सूत एकटा ओढते, खोकला कसा असते तेच तो विसरून गेला. मंग काय करता? मनोहरराव यायच्या आधी आठ दिवस मैनावयनी त्याले समोर बसवते आन् खोकायचा रियाज करून घेते. मले तिथं मास्तर म्हणून बसवते. अजून खोलवरून खोका, नत्थूजी, अजून खोलवरून! सरकारनं औषध देऊन माणूस खडखडीत बरा केला, आन् आता सरकार दारात आलं का त्याले आजारी पडा लागते... पडते बिचारा. घरात हवा तं पाह्यजे ना.